घसा बंद असतानाची प्रार्थना

तुमच्या घशात दुर्बीण घालून डॉक्टर नुसतंच "हं" म्हणाले असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. त्या "हं"नंतर ते जे बोलतात त्यातलं निम्मं आपल्या कानात शिरतच नाही. म्हणून सोबत कुणाला तरी न्या. मी बायकोला नेलं होतं, पण तिच्याही कानात शिरलं नाही. घरी येऊन आम्ही दोघांनी आपापलं अर्धं-अर्धं जोडून पाहिलं, तर दोघांकडे तेच अर्धं निघालं.

औषधांची माहिती माझ्याकडून घेऊ नका. मी सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक आहे. वय बावन्न, मुक्काम नागपूर, मनीषनगर. कुटुंब तीन पिढ्यांपासून कॅथलिक. रविवारी चर्चमध्ये बायबलमधला पाठ वाचायचं काम माझ्याकडे आणि मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही माझ्याचकडे. शिवाय लग्नात, बारशात आणि कुणी वेळीच अडवलं नाही तर मयतीतही मी गोष्टी सांगतो. शालू, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण हे श्वास नेमका कधी घेतात ते तिला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाचा आवाज फेब्रुवारीत फाटला.

आधी मी पोह्यांवरच्या तिखट तर्रीला दोष दिला. तर्री-पोहे सोडले, तरी आवाज सुधारेना. वर्गात संत-महंतांच्या गोष्टी सांगताना मध्येच कोंबडा आरवल्यासारखा आवाज निघायचा आणि पोरं खूश व्हायची. इतकं मन लावून त्यांनी मला आधी कधी ऐकलं नव्हतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तसा आवाज अगदीच खाली गेला. शालूने धरून नेलं, म्हणून मी गेलो.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. स्वरतंतूवर गाठ आहे. तपासणीत कॅन्सर निघाला. लहान आहे. किरणोपचारांनी जाण्याची बरीच आशा आहे.

"आणि नाही गेली तर?"

"तर स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल."

"आणि आवाज?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "हा आवाज राहणार नाही," ते म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला जीव वाचेल याचं काहीच वाटलं नाही. मनात एवढंच आलं, की आवाजाशिवाय मी घरात नेमका कोण असेन?

*

आईला सांगायचं नाही असं ऑटोत ठरलं. हा ठराव ऑटोपासून दारापर्यंत टिकला.

आईचं वय ब्याऐंशी. तिला ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं.

"काय म्हणे डॉक्टर, गा बाबू?"

"काही नाही. घसा बसला."

"घसा तुया बसला, त शालू काहून रडून राहिली?"

मग सांगितलं. ती ऐकत होती. नंतर उठून तिने माळ हातात घेतली, पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून मणी ओढू लागली. देवाशी तिचं काहीतरी खासगी भांडण चाललं होतं आणि त्यात आम्हाला प्रवेश नव्हता.

मीही माझ्यापरीने प्रार्थना केली. माझी प्रार्थना म्हणजे अर्ज. विषय, संदर्भ, आजवर केलेल्या सेवेचा तपशील आणि शेवटी तातडीने कार्यवाही व्हावी ही विनंती. सेवेच्या तपशिलात मी धर्मशिक्षणाची अठरा वर्षं घातली. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढे मी माझी सेवापुस्तिका उघडून बसलो होतो, हे आता लिहितानाही कान गरम होतात.

*

किरणांसाठी आधी चेहऱ्याचा मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात. ती थंड झाली की तुमचंच तोंड, पण कडक. मग रोज त्या जाळीखाली झोपायचं. जाळी टेबलाला खटाखट अडकवतात, माणसं बाहेर जातात, जाड दार लागतं. हलायचं नाही, गिळायचंसुद्धा जपून.

पहिल्या दिवशी मी घाबरलो. धैर्य या सद्गुणावर माझा वर्ग फार रंगायचा. धैर्य म्हणजे भीती नसणं नव्हे, तर भीती असूनही चांगलं ते न सोडणं, असं मी पोरांना हात हलवत सांगायचो. इथे हात बांधलेले होते आणि पायाची बोटं आपोआप थरथरत होती. त्या बोटांना मी मनात म्हटलं, मुलांनो, शांत राहा. वर्गातल्या पोरांसारखीच तीही ऐकेनात.

मग मी वेळ मोजायला प्रार्थना धरली. "आमच्या स्वर्गातील बापा" सावकाश म्हटलं, की एका बैठकीत पाचदा व्हायचं. पाचवं संपता संपता दार उघडायचं. अडचण एकच होती. मध्ये एक ओळ येते, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो अशी. तिथे मी अडकायचो. समजा आवाज जावा हीच त्याची इच्छा असली तर? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी ती ओळ गाळायला लागलो. कचेरीत अडचणीचं कलम वगळून टिपणी पुढे सरकवतात, तशी. रोजची भाकर मागणाऱ्या ओळीवर मात्र भरपूर जोर द्यायचो.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? तोवर डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलं होतं.

*

मौन सुरू झालं आणि घरात पाटी आली. शाळेतली खरी पाटी, लाकडी चौकटीची, कारण मोबाइलवरची बारीक अक्षरं तेवढी आईला वाचता येत नाहीत.

मला वाटलं होतं, मौनात माणूस संत होतो. माझ्या पाटीवर पहिल्या आठवड्यात काय काय लिहिलं गेलं त्याचा नमुना देतो. "कूलरमध्ये पाणी नाही." "आंबील गरम आहे." "आंबील गार आहे." "टीव्ही हळू." "कुणाचा फोन?" "मला का नाही सांगितलं?"

एके दुपारी शालूने ते वाचलं, पदराने पाटी पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मोठी पाटी आणू का? तक्रारी मावून नाही राहिल्या."

मी लिहिलं, "मी आजारी आहे."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्या मनीषनगरले माहीत आहे."

ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली. मी पाटीवर "चुकलं" असं लिहिलं. मग शालू बाहेर यायच्या आत पुसून टाकलं. का पुसलं, ते आजही सांगता येत नाही. बोलता येत असतं तर एखादा विनोद करून तिला हसवलं असतं. विनोद करून मी आजवर किती वेळा माफी चुकवली, ते तिथे कूलरसमोर बसल्या-बसल्या ध्यानात येऊ लागलं.

ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेला गेलो. माझा पाठ दुसऱ्याने वाचला. एका तरुण मास्तराने. तो दोनदा अडखळला आणि मला बरं वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली. मग आठवलं की संयम या सद्गुणावर मी दरवर्षी न थांबता चाळीस मिनिटं बोलत असे. चाळीस मिनिटं, संयमावर. मला हसू आलं. घशातून आवाज न निघता नुसते खांदे हलले. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी माझा हात धरला आणि मिस्सा संपेपर्यंत सोडला नाही.

*

आता एप्रिल सरत आला होता. नागपूरची दुपार तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून पटायचं नाही. हॉस्पिटलातून परतताना रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. डांबरावर पाण्यासारखं काहीतरी चकाकायचं आणि ऑटो त्या पाण्याकडे जात राहायचा. पाणी पुढे-पुढे पळायचं. मी अर्धवट झोपेत असायचो. औषधांनी आणि उन्हाने डोक्यातल्या भिंती पातळ झाल्या होत्या. कधी वाटायचं वडील सायकलवर पुढे चाललेत आणि मी मागच्या कॅरिअरवर बसलोय. त्यांच्या शर्टाला साबणाचा वास. त्यांना काही सांगायची गरज नव्हती, ते नेत होते.

असाच एक दिवस जाळीखाली पडलो होतो. मशीन माझ्याभोवती फिरत होतं, त्याचा आवाज मधमाश्यांसारखा. मी प्रार्थना मोजत होतो, मग मोजणं सुटलं. दुसरी चालू होती की चौथी, कळेना. शब्द माझे उरले नव्हते, कुणीतरी दूरच्या खोलीत म्हणत असावं आणि आपण ओसरीवर पडून ऐकावं, असं. आणि त्या ओघात, कित्येक आठवडे गाळलेली ती ओळ आली आणि निघून गेली. मी अडकलो नाही. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, म्हटली की!

चमत्कार म्हणतात तसलं काही झालं नाही. बोटं त्याही दिवशी थरथरत होती. पण दार उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इतक्यात?

*

आता जो प्रकार सांगणार आहे तो माझ्या वर्गातल्या पोरांच्या कानावर जाऊ नये ही इच्छा आहे. जाईलच म्हणा.

किरणांच्या सहाव्या आठवड्यात घसा आतून सोलवटला. पाणीही उतरेना. दाखल व्हावं लागलं. नाकातून नळी, हाताला सलाइन. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षितच आहे, चार-पाच दिवसांत उतरेल. शालूने आमच्या फादरांना फोन केला, जरा येऊन प्रार्थना करा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फादर आले. उन्हाने लाल झालेले, हातात हेल्मेट. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, ते बारा वर्षांपासून आहेत, माझी बडबड त्यांनीच सगळ्यात जास्त सोसली आहे. खुर्चीवर बसले, घाम पुसला, पिशवीतून जांभळा पट्टा काढून गळ्यात घातला आणि एक छोटी चंदेरी डबी काढली.

तेलाची डबी.

आम्हा कॅथलिकांत आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावायचा संस्कार आहे. जुन्या लोकांच्या डोक्यात हे शेवटचं तेल. फादर डबी घेऊन घरात शिरले की गल्लीतल्यांनी समजून जायचं. ही समजूत चुकीची आहे, हा संस्कार बळ देण्यासाठी आहे, गंभीर आजारात केव्हाही घेता येतो, हे मी अठरा वर्षं पोरांना घोकून घेतलं आहे. परीक्षेत हमखास विचारायचो.

तर ती डबी बघून मी काय केलं? सलाइनचा स्टँड धरला, उठलो आणि संडासात जाऊन आतून कडी लावली.

डॉक्टरांनी यांना काहीतरी सांगितलंय आणि मला नाही, एवढंच डोक्यात होतं. नाकात नळी घेऊन मी टाइल्सना टेकून उभा राहिलो. पाटी बाहेर पलंगावर राहिली होती.

बाहेर आई होती. तिने डबी पाहिली, मला पळताना पाहिलं आणि फोन लावला. कमी ऐकू येणारी माणसं फोनवर किती मोठ्याने बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

"व्हिक्टर! मी बोलतो, मावशी! बाबूले तेल लावून राहिले! हो... तेल! लवकर ये गा!"

व्हिक्टर माझा मावसभाऊ, नागपुरातच नंदनवनला राहतो. तो लवकर आला. येताना बायकोला आणि प्रार्थना मंडळाच्या दोन बायकांना घेऊन आला. तोवर फादर दाराबाहेरून मला समजावत होते आणि मी आतून ठकठक करून नाही म्हणत होतो. पण बायकांनी ती ठकठक ऐकली आणि त्यांना वाटलं मला आत झटका आलाय. त्यांनी सरळ मरणाऱ्यांसाठीची प्रार्थना सुरू केली. सुरात. मी आतून अधिक जोरात ठोकलं. त्यांनी अधिक जोरात म्हटलं.

आपल्या मरणाची प्रार्थना संडासात उभं राहून ऐकणं हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही.

मग दाराच्या फटीपाशी शालूचा आवाज आला, हळू.

"अहो. पोरांले काय शिकवता तुम्ही?"

मी गप्प. म्हणजे गप्प होतोच.

"डॉक्टर काही नाही म्हणाले. मीच फादरांले बोलावलं. तुम्हाले नाही, मले भेव वाटून राहिलं म्हणून बोलावलं. उघडा."

मी कडी काढली.

फादरांनी मला पलंगावर बसवलं, पाटी हातात दिली. "रुग्णांना तेल लावण्याचा संस्कार कोणासाठी असतो? उत्तर लिही."

मी लिहिलं. अक्षर पोरासारखं आलं. फादरांनी पाटी उचलून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, "फक्त मरणाऱ्यासाठी नव्हे. आजाऱ्याला बळ, शांती आणि धैर्य देण्यासाठी." मग म्हणाले, "उत्तर बरोबर. मास्तर नापास. हात पुढे कर."

व्हिक्टर बायकांच्या मागे लपून हसत होता.

फादरांनी अंगठा तेलात बुडवून माझ्या कपाळावर क्रूस काढला, मग दोन्ही तळहातांवर. दीड महिना माझ्या मानेला, हाताला, नाकाला रोज कुणी ना कुणी हात लावत होतं, पण ते काहीतरी शोधायला, टोचायला, मोजायला. हा अंगठा काहीच शोधत नव्हता. सकाळचं ऊन पडद्यातून पिवळं होऊन आलं होतं, ऑलिव्हच्या तेलाचा मंद वास होता, बायका आता दुसरंच काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मला वाटलं पलंग हळूच पाण्यावर सुटलाय.

तेवढ्यात आई म्हणाली, "फादर, थोडं मलेही लावा. माये गुडघे लय दुखते."

फादर हसले. पण वय झालेल्यांनाही हा संस्कार देता येतो, तेव्हा त्यांनी तिलाही बसवलं आणि तितक्याच शांतपणे तेल लावलं. गुडघ्यांना नव्हे, कपाळाला आणि हातांना. आई जरा नाराजच झाली.

सगळे गेल्यावर फादर जरा थांबले. मी पाटीवर लिहिलं, "देवाने हे का योजलं?"

त्यांनी पाटी वाचून पलंगावर ठेवली. "तुझ्या घशात गाठ घालायला तो बसलेला नाही रे. आपण म्हणतो ना, परमेश्वराची तरतूद. लोकांना वाटतं वर फाइल असते, तिच्यात आपला आजार मंजूर झालेला असतो. मला तसं नाही वाटत. मला एवढंच कळतं की तू जिथे पडशील तिथे तो तुझ्या आधी पोचलेला असतो. आज संडासातसुद्धा असेल."

त्यांनी हेल्मेट उचललं. "आणि योजना-बिजना विचारायच्या आधी बायकोचा चेहरा बघ जरा. तीही आजारीच दिसते मला."

*

किरणं संपली, नळी निघाली. मग दोन-अडीच महिने वाट बघायची असते, सूज उतरल्याशिवाय गाठ गेली की नाही कळत नाही. आजारातला सगळ्यात लांब भाग हा. कुणी काही करत नाही. तुमच्यावर ही वेळ आली की लोक "देवावर भरवसा ठेवा" म्हणतील. ठेवा, पण तो ठेवतानाही भीती वाटत असेल तर भरवसा कमी पडला असं समजू नका. आशा हा सद्गुण मी फळ्यावर किती सोप्या अक्षरांत लिहायचो! प्रत्यक्षात तो असा, की सकाळी उठून दात घासायचे, आंबील प्यायची आणि दुपारी परत तेच.

तपासणीच्या दिवशी पुन्हा दुर्बीण. पुन्हा "हं". पण या वेळी पाठोपाठ डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे." शालूने माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी वण होता. पुढची काही वर्षं तपासण्या चालू राहतील, तेव्हा उड्या मारू नका, असंही त्यांनी सांगितलं.

"आता म्हणा, ई."

मी म्हटलं. खरवडलेल्या पातेल्यासारखा एक आवाज खोलीत आला. मी मागे वळून बघणार होतो, कोण बोललं म्हणून.

"हाच राहील का?"

"थोडा सुधारेल. जुना येईल असं सांगत नाही. सध्या दिवसातून दहा मिनिटं बोला. त्याहून जास्त नको."

घरी येईपर्यंत मी एक शब्द काढला नाही. दहा मिनिटं जपून वापरायची होती. पहिला हक्क देवाचा, असं मनात ठरवलं होतं, एक छानसं आभाराचं वाक्यही रचून ठेवलं होतं. आई खुर्चीत डुलक्या घेत होती. शालूने पिशवी ठेवली, पंखा लावला, पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि तशीच उभी राहिली, मी काय मागतो ते बघत. पाच महिन्यांपासून ती अशीच उभी राहायची, पाटीवर नजर ठेवून.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रचलेलं वाक्य हरवलं.

"शालू," मी म्हटलं, "तू कशी आहेस?"

"काय म्हटलं?"

तिला ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा म्हटलं.

ती समोर जमिनीवरच बसली. आधी म्हणाली, मले काय झालं, मी बरी आहे. मग म्हणाली, पाठ दुखते. मग म्हणाली, पहिल्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर तिने फोनमध्ये माझा आवाज शोधला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि फोनमध्ये माझा एकच आवाज सापडला, मी गॅस सिलेंडरवाल्याशी भांडतो आहे तो. तेवढाच ती रोज दुपारी गच्चीवर जाऊन ऐकायची. एवढं बोलून ती हसायला लागली, मग हसता-हसता रडायला लागली, आणि मग बोलतच राहिली, कुणाकुणाला काय सांगितलं, काय नाही, कुठल्या दिवशी काय वाटलं.

बाहेर उजेड मऊ झाला. मला मध्ये एक-दोनदा बोलावंसं वाटलं. दहा मिनिटांतली नऊ तरी शिल्लक होती. मी ती वापरली नाहीत.